राजमाने बिल्डिंगचे अकरा नकाशे

शमशुद्दीन तांबोळी हे ट्रेसर होते. आता हा धंदाच उरला नाही, म्हणून सांगावं लागतं. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेला नकाशा अर्धपारदर्शक कागदाखाली ठेवायचा आणि वरून शाईने गिरवून पक्का करायचा, हे त्यांचं काम. लक्ष्मी रस्त्याच्या नदीकडच्या टोकाला, नारायण पेठेतल्या राजमाने बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर चौदा नंबरची खोली होती. तिथे आधी त्यांचे वडील मोहिद्दीन बसत आणि पंचाहत्तर सालापासून शमशुद्दीन बसू लागले. पेठेतल्या निम्म्या इमारतींचे नकाशे बापलेकांच्या हातून गेले होते. कॉम्प्युटर आल्यावर काम आटलं. तरी ते रोज सकाळी दहाला गंज पेठेतल्या घरून चालत यायचे, खिडकी उघडायचे, टेबल पुसायचे. जुना नकाशा फाटला, वाळवी लागली, की लोक अजून त्यांच्याकडेच येत.

इमारत सर्जेराव राजमान्यांनी चौतीस साली बांधली. पेठेत तेव्हा माणसं राहायची त्याच घरात ओटीवर दुकान मांडायची. नुसत्या धंद्यासाठी तीन मजले बांधणारा माणूस लोकांना वेडा वाटला. खाली आठ दुकानं, वर कचेऱ्या, मधोमध रुंद जिना आणि जाळीच्या दाराची लिफ्ट. पहिलं वर्षभर लोक नुसती लिफ्ट बघायला यायचे, असं मोहिद्दीन सांगत. त्यांनी ते दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं, कारण ते स्वतः छप्पन्न साली इथे आले. दातांचे डॉक्टर, विमा कंपनी, फोटो स्टुडिओ, कापडाचे दलाल, शिवणयंत्रांचा एजंट, असे किती आले आणि गेले. जे टिकले त्यांच्यात तळमजल्यावरचे छत्रीवाले जयसिंगराव होते आणि शमशुद्दीनच्या शेजारी पंधरा नंबरात टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या आनंदीताई होत्या. आनंदीताईंचं बोलणं सुईसारखं. कुणी पोरगं उशिरा आलं तर त्या म्हणत, "बसा, आम्ही तुमच्यासाठीच आज क्लास उघडला."

मालकांच्या चौथ्या पिढीतला आमोद आर्किटेक्ट झाला. कॉलेजात असताना शाईचे नकाशे काढायची वेळ आली, तेव्हा आजोबा हिंमतरावांनी त्याला चौदा नंबरात पाठवलं होतं. पेन किती तिरपं धरायचं, शाई वाळण्याआधी पट्टी कशी उचलायची, हे त्याला शमशुद्दीननी शिकवलं. मुलगा हाताचा चांगला होता. सलग दोन वर्षं तो आठवड्यातून तीनदा यायचा, त्यांच्या बायकोच्या, नूरबानूच्या हातचा डबा निम्मा संपवायचा आणि चाचा चाचा करत मागेमागे असायचा. शमशुद्दीनना मूलबाळ नव्हतं. नूरबानू कधी म्हणायची, पोराला खिमा आवडतो, उद्या जास्त देते. ते हो म्हणायचे.

हिंमतराव गेले आणि इमारत आमोदच्या हातात आली. दोन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, तो चौदा नंबरात येऊन बसला. म्हणाला, सगळे बिल्डर मागे लागलेत, पण मला ही पाडायची नाही. हिला हेरिटेज यादीत घालायचं आहे. त्यासाठी इमारतीचा पूर्ण इतिहास हवा, आणि पूर्ण नकाशे हवेत, आज जशी आहे तशी. महानगरपालिकेकडे आहे तो नव्वद वर्षांपूर्वीचा एक कागद, त्यात निम्मं काही नाही.

"चाचा, हे मशीनवर होईल, पण ते मेलेलं दिसेल," तो म्हणाला. "तुमच्या हातचं हवंय."

सदुसष्टाव्या वर्षी असं कुणी म्हटल्यावर माणसाला काय वाटतं, हे त्यांनी नूरबानूलाही धड सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, काम आलंय, मोठं आहे.

चार महिने त्यांनी इमारत मोजली. टेप, ओळंबा, बॅटरी आणि एक लांबोडकी वही. जिन्याची प्रत्येक पायरी मोजली. लिफ्टच्या खड्ड्यात उतरले. बावीसच्या बावीस भाडेकरूंकडे गेले, कोण कधी आलं, आधी त्या जागेत काय होतं, कुठली भिंत कधी काढली, हे विचारून लिहून घेतलं. एरवी अबोल माणूस, पण त्या चार महिन्यांत ते लोकांकडे तासतासभर बसले. ज्यांच्याशी तीस वर्षं जिन्यात नुसती मान हलवली होती, त्यांच्या बापाचं नाव, गाव, पहिल्या दिवशीचं गिऱ्हाईक, सगळं त्यांना ठाऊक झालं.

सर्वांत अवघड काम पश्चिमेच्या भिंतीचं. एकसष्ट साली पानशेतचं धरण फुटलं तेव्हा तळमजला पाण्याखाली गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर पश्चिमेचा पाया बोटभर खचला, हे फार थोड्यांना माहीत होतं. सर्जेरावांनी गाजावाजा न करता लोखंडी गर्डर घालून भिंत सावरली. त्या कामाचा नकाशा मोहिद्दीननीच काढला होता. भिंतीला तीन मोठ्या भेगा पडल्या होत्या. गर्डर बसल्यावर मोहिद्दीननी प्रत्येक भेगेवर काचेची एक पट्टी आडवी चिकटवली, प्लॅस्टरमध्ये दोन्ही टोकं घट्ट बसवून. भिंत पुन्हा केसभर हलली तर काच तडकते. बघणाऱ्याला दुसरं काही लागत नाही.

ती भिंत आता पहिल्या मजल्यावर जयसिंगरावांच्या गोदामात होती, लाकडी फळ्यांच्या मागे. जयसिंगरावांनी किल्ली काढली, दोघांनी मिळून फळ्या सरकवल्या, छत्र्यांचे गठ्ठे बाजूला केले. बॅटरीच्या उजेडात तिन्ही पट्ट्या दिसल्या. धुळीने काळ्या झालेल्या, पण सलग. शमशुद्दीननी रुमाल ओला करून एक पुसली. खाली प्लॅस्टरवर वडिलांच्या अक्षरात तारीख कोरलेली होती, मार्च बासष्ट. त्यांनी तारखेवरची धूळही पुसली. जयसिंगरावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

अकरा नकाशे झाले. सातवा पश्चिमेच्या भिंतीचा. त्यात तिन्ही भेगा होत्या, गर्डर होते, काचा होत्या, आणि उजव्या कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात टीप होती: "काचेच्या पट्ट्या मार्च १९६२ मध्ये बसविल्या. आज पाहणी केली, तिन्ही अखंड आहेत. भिंत त्यानंतर हललेली नाही." खाली सही आणि तारीख.

देण्याआधी त्यांनी सगळे नकाशे जयसिंगरावांच्या दुकानात मांडले. ज्यांना सवड होती ते भाडेकरू येऊन पाहून गेले. आनंदीताईंच्या क्लासची त्या दिवशी परीक्षा होती, त्यांना जमलं नाही. सातव्या नकाशापाशी जयसिंगराव थांबले, चष्मा वर करून त्यांनी ती टीप मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "झालं. आता कोण म्हणतो बिल्डिंग पडायला आलीय ते बघू." नंतर त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. आमोद संध्याकाळी आला, चाचांच्या पाया पडला आणि स्कॅन करून लगेच परत देतो म्हणून अकराही मूळ कागद घेऊन गेला.

ते परत आले नाहीत. महिना गेला, दोन महिने गेले. फोन केला की आमोद म्हणायचा, फाइल वर गेली आहे, चाचा, वेळ लागतो. शमशुद्दीन म्हणायचे, लागू दे.

मे महिन्यात एका सकाळी ते आले तेव्हा जिन्यापाशी गर्दी होती. भिंतीवर नोटीस चिकटवलेली. इमारत अतिधोकादायक आहे, पंधरा दिवसांत जागा रिकामी करावी. मालकाच्या अर्जावरून, खाजगी तज्ज्ञाच्या अहवालावरून. सोबत जोडपत्र, म्हणजे एक नकाशा. शमशुद्दीन पुढे झाले, लोक बाजूला सरकले. नकाशा त्यांचा होता. सातवा. गर्डर होते, तिन्ही भेगा होत्या, एकेक इंच मोजून दाखवलेल्या. सही होती. काचा नव्हत्या. उजव्या कोपऱ्यातली टीप जिथे होती तिथे पांढरा कोरा कागद होता.

कुणीतरी म्हणालं, आपल्यातलाच निघाला. ते कोण बोललं हे त्यांनी पाहिलं नाही. रेघेवरून बोट फिरवत ते कोरी जागा बघत राहिले. अक्षर पुसलं तर कागदावर खरड राहते, ती इथे नव्हती. मशीनवर पुसलं होतं, सफाईने.

त्याच दुपारी ते बसने कोथरूडला आमोदच्या ऑफिसात गेले. काचेची केबिन, थंडगार. आमोद उठून उभा राहिला, पाणी मागवलं. शमशुद्दीन बसले नाहीत.

"टीप कुणी काढली?"

आमोद आधी बरंच काही बोलला. म्हणाला, तज्ज्ञ म्हणतात असल्या जुन्या काचांना आज शास्त्रीय अर्थ नाही. म्हणाला, यादीत घालायचा प्रयत्न खरंच केला होता, पण घरातले चुलते, वाटे, सगळ्यांना आपला हिस्सा हवा. इमारत राहिली तर भाऊबंदकीत मीच राहत नाही. नव्या इमारतीत सगळ्या भाडेकरूंना जागा मिळेल, कायद्यानेच मिळेल. खाली मोठा हॉल असेल, त्यात राजमाने बिल्डिंगचा इतिहास मांडणार, चाचांचे अकराही नकाशे फ्रेम करून, खाली त्यांचं नाव.

शमशुद्दीननी सगळं ऐकून घेतलं.

"मी विचारलं, टीप कुणी काढली?"

"मी," आमोद म्हणाला. त्याने खाली पाहिलं. "दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं."

"मूळ कागद?"

"वकिलाकडे आहेत, चाचा."

एवढंच. ते परत निघाले. बसमध्ये त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. भेगा फळ्यांमागे होत्या. तज्ज्ञ म्हणवणाऱ्याला त्या दहा वर्षांत सापडल्या नसत्या. त्या शोधून, मोजून, शाईने पक्क्या करून देणारा माणूस दुसरा कुणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते जयसिंगरावांच्या दुकानात गेले. बाकीचे भाडेकरू बोलेनासे झाले होते, पण हा माणूस तर सगळ्याला साक्षी होता. काय झालं ते त्यांनी सांगितलं आणि म्हणाले, सुनावणी मागू या. कागद माझ्याकडे नाहीत, पण मोजणीची वही आहे, तुम्ही आहात आणि तुमच्या गोदामात काचा आहेत. जयसिंगराव गिऱ्हाइकाला छत्री उघडून दाखवत होते. ती मिटून ते म्हणाले, बघू, सगळ्यांशी बोलतो. त्यांचा आवाज कोरडा होता. शमशुद्दीनना वाटलं, माणूस काळजीत आहे.

नवल म्हणजे सोबत आल्या त्या आनंदीताई. त्यांनी नोटीस नीट वाचली होती आणि त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच होता. त्या म्हणाल्या, "अहो शमशुभाई, तीस वर्षं शेजारी बसते. रेघ चुकली म्हणून तुम्ही अख्खा कागद फाडलेला मी पाहिलाय. तुम्ही कोपऱ्यात एवढी जागा रिकामी सोडाल? मला पटत नाही." मग त्यांनीच अर्ज टाइप केला, एकोणीस मुद्द्यांचा, आणि स्वतः महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नेऊन दिला. पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलल्या नाहीत.

सुनावणी जूनमध्ये झाली. लांबट खोली, वर दोन पंखे, मधे टेबल. अधिकारी पन्नाशीच्या बाई होत्या, थकलेल्या पण नीट ऐकणाऱ्या. एका बाजूला आमोद आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला शमशुद्दीन आणि आनंदीताई. मागे दहाबारा भाडेकरू, त्यांच्यात जयसिंगराव. शमशुद्दीननी वही पुढे केली. बाईंनी पानं उलटली, माप न् माप जुळवून पाहिलं. वकील म्हणाला, मूळ कागद सापडत नाही, आणि ही वही कालही लिहिता येते. शमशुद्दीननी शांतपणे सांगितलं की मूळ नकाशा द्यायच्या दिवशी पाहणारे लोक इथे बसले आहेत. जयसिंगरावांनी तर टीप वाचून दाखवली होती. त्यांना विचारा.

बाईंनी विचारलं.

जयसिंगराव उभे राहिले. खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं.

"मॅडम, मी छत्र्या विकतो," ते म्हणाले. "मला नकाशातलं काही कळत नाही. काही वाचल्याचं आठवत नाही."

शमशुद्दीन त्यांच्याकडे बघत राहिले. जयसिंगराव खाली बसले आणि वरच्या पंख्याकडे बघू लागले. त्या दिवशी चहा प्यायलेले आणखी तिघे मागे होते. त्यांच्यापैकी एकानेही मान वर केली नाही.

तरी बाईंनी निकाल लगेच दिला नाही. पुन्हा पाहणी करू, भिंत उघडून बघू, असं त्यांनी लिहिलं आणि आठ दिवसांनंतरची तारीख दिली. बाहेर आल्यावर आनंदीताई म्हणाल्या, भिंत तरी साक्ष बदलणार नाही.

पण आठ दिवसांनी अधिकारी, आमोद आणि शमशुद्दीन गोदामात शिरले तेव्हा फळ्या आधीच काढलेल्या होत्या. छत्र्यांचे गठ्ठे हलवलेले होते. तिन्ही भेगांच्या दोन्ही बाजूंचं प्लॅस्टर हातभर रुंदीत विटांपर्यंत खरवडलं होतं. फरशी झाडून स्वच्छ केली होती. तज्ज्ञाला भेगेची खोली तपासायची होती म्हणून हे केलं, असं आमोदने सांगितलं. बाईंनी विचारलं, इथे काचा होत्या? आमोद म्हणाला, त्याच्या पाहण्यात आल्या नाहीत. शमशुद्दीन गुडघ्यांवर बसले, फरशीच्या सांध्यांतून बोट फिरवलं, कोपरे पाहिले. एक तुकडासुद्धा नव्हता. मार्च बासष्ट ही तारीखही गेली होती.

गोदामाला एकच कुलूप होतं आणि त्याची किल्ली जयसिंगरावांच्या कमरेला असे.

निकाल मालकाच्या बाजूने लागला. निकालासोबतच्या कागदांत नव्या इमारतीला संमती देणाऱ्या भाडेकरूंची यादी होती. आनंदीताईंनी ती नक्कल काढून आणली आणि चौदा नंबरच्या टेबलावर ठेवली. सतरा नावं होती, प्रत्येकापुढे तारीख. बहुतेकांच्या तारखा नोटीस लागल्यानंतरच्या होत्या, घाबरून केलेल्या सह्या. पहिलं नाव जयसिंगरावांचं होतं, नव्या इमारतीतलं रस्त्यावरचं कोपऱ्याचं दुकान त्यांच्या नावे. तारीख नोटिशीच्या सव्वा महिना आधीची होती. म्हणजे आपल्यातलाच निघाला असं जिन्यात लोक बोलत होते, तेव्हा हा माणूस सही करून मोकळा झालेला होता आणि ते बोलणं ऐकत उभा होता.

"म्हणून म्हटलं, तुम्हाला दाखवावंच," आनंदीताई म्हणाल्या. या वेळी त्यांच्या बोलण्यात टोचणारं काही नव्हतं.

शमशुद्दीननी यादीची घडी घातली. सगळ्यांना दाखवायची का, असं त्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, मी सहा जणांना दाखवलीय. सगळे म्हणाले, आता झालं ते झालं.

पावसाळ्यानंतर इमारत पाडली. शमशुद्दीननी आपल्या जागेचा हक्क सोडला नाही. त्यांनी संमती दिली नाही, फक्त ताबा देताना निषेध नोंदवला, आनंदीताईंनी टाइप केलेल्या कागदावर. आनंदीताईंचा क्लास कोथरूडला एका सोसायटीच्या तळघरात गेला. शमशुद्दीनचं टेबल गंज पेठेतल्या घरात आलं आणि खिडकीखालची निम्मी खोली त्याने अडवली. नूरबानूने कुरकुर केली नाही. एके दिवशी तिने विचारलं, आमोदचा फोन येतो का. ते म्हणाले, येतो, मी घेत नाही. ती म्हणाली, मलाही आला होता. मी म्हटलं, डबा बंद झाला.

ईदच्या दिवशी दुपारी जयसिंगराव आले. चाळीस वर्षं ते शिरखुर्म्याला येत असत, पण या वर्षी येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. घरात पाहुणे होते, नूरबानूने रिवाजाप्रमाणे वाटी भरून समोर ठेवली आणि आत गेली. थोड्या वेळाने पाहुणेही उठले. दोघेच उरले.

जयसिंगराव वाटीत चमचा फिरवत राहिले. मग ते बोलू लागले. धाकट्याचं दुकान बसलं होतं, आमोद आधी त्यांच्याकडेच आला होता, कोपऱ्याची जागा दुसऱ्याला जाईल म्हणाला. टीप आठवत होती, शब्द न् शब्द आठवत होता. काचांचं त्यांनी स्वतः केलं नाही, फक्त किल्ली दिली. आणि लोकांचं म्हणाल तर, लोकांनाही आतून ठाऊक होतं की शमशुभाई असं करणार नाहीत.

"मग?" शमशुद्दीननी विचारलं.

"मग काय," जयसिंगराव म्हणाले. "प्रत्येकाने सही केली होती. तुम्ही केलंत असं म्हटलं की आपण काही केलं नाही असं वाटायचं. मलाही वाटायचं."

गल्लीत पोरं नव्या कपड्यांत ओरडत पळत होती. शमशुद्दीनना राग शोधूनही सापडत नव्हता. त्याऐवजी त्यांना पाठीवर ठेवलेला तो हात आठवत होता. त्या वेळी आमोद जयसिंगरावांकडे येऊन गेला होता की नव्हता, याचा हिशेब ते तारखा लावून करू पाहत होते आणि तो लागत नव्हता. विचारावं असं एकदा मनात आलं. त्यांनी विचारलं नाही.

"जयसिंगराव," ते शेवटी म्हणाले, "शिरखुर्मा संपवा. पुढच्या वर्षी यायचं असेल तर जरूर या, नूरबानू दार उघडेल. मी मात्र घरी नसेन."

ते उठले, टेबलापाशी गेले आणि पाठमोरे बसून कोरा कागद पिना लावून ताणू लागले. मागे चमचा वाटीला लागल्याचा आवाज दोनदा आला. मग दार ओढून घेतल्याचा.